स्पे करून आणलंय, रात्रभर कण्हतेय. हे नॉर्मल आहे का?

ढगाळदुपार (रात्री ११:५०)

आमची कुत्री बिजली, वय दीड वर्ष, वजन १८ किलो. आज सकाळी स्पे झालं, गर्भाशय आणि अंडाशयं दोन्ही काढली. दुपारी चारला घरी आणली. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय: कॉलर (जखम चाटू नये म्हणून गळ्यात घालायचा प्लॅस्टिकचा शंकू) काढायची नाही, पळणं-उड्या बंद, अंघोळ नाही, दुखण्याची गोळी उद्या सकाळपासून खाण्याबरोबर, बाराव्या दिवशी टाके काढायला या. तिथे मी शहाण्यासारखी मान डोलावली. घरी आल्यावर लक्षात आलं की मला पडलेले प्रश्न त्या कागदावर नाहीतच.

तीन तास झाले, एका सुरात कण्हतेय. आडवी होते, उठते, डुलते, भिंतीकडे बघत उभी राहते. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरट पडदा वर आलाय. मधेच कोरडं खोकते. भांडंभर पाणी घटाघटा प्यायली आणि सगळं उलटून टाकलं. शू अंथरुणातच झाली, आणि पुसताना खालच्या बाजूला रक्ताचा एक पुसट डाग दिसला. नवरा म्हणतो, दुखत असणार, आपली तापाची गोळी अर्धी देऊ. मी हात धरून थांबवलंय. कोणी जागं आहे का?

शेपूटवाला (रात्री १२:०५)

जागा आहे. आधी ती गोळी परत डब्यात ठेवा.

पॅरासिटामॉलची मात्रा चुकली तर कुत्र्याचं यकृत जातं, शिवाय रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद घटते. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक तर घराबाहेरच ठेवा. पोटात व्रण, रक्तस्राव, मूत्रपिंडं निकामी असा सगळा प्रवास होतो. आणि ऑपरेशनच्या वेळी वेदनाशामकाचं इंजेक्शन बहुतेक दिलेलंच असतं. त्याचा अंमल संपायच्या सुमाराला पुढचा डोस यावा म्हणून गोळी उद्यापासून सांगतात. त्यावर तुम्ही आणखी काही दिलंत तर दोन्ही मिळून त्रास होईल.

आता कण्हण्याबद्दल. पहिल्या रात्रीचं असं एकसुरी कण्हणं बऱ्याचदा दुखण्यापेक्षा भुलीचं असतं. भान अर्धवट आलेलं, पाय ऐकत नाहीत, डोकं गरगरतंय, आणि हे का होतंय ते तिला कळत नाही. हाक मारल्यावर कान हलतो का? जवळ बसून हात ठेवलात तर आवाज थोडा कमी होतो का? होत असेल तर निम्मी काळजी सोडा. डोळ्याचा पडदा भुलीचाच, उद्या खाली जाईल. खोकला श्वासनळीत घातलेल्या नळीमुळे, एक-दोन दिवस राहतो. रक्ताचा पुसट डागही एखाद-दोन दिवस दिसू शकतो. थेंबथेंब टपकायला लागलं तर मात्र फोन.

एक काम आत्ता करा. ओठ वर करून हिरडी बघा. गुलाबी हवी. बोटाने दाबा, पांढरी होईल, सोडल्यावर दोन सेकंदांच्या आत रंग परत यायला हवा. बघून इथे लिहा.

ढगाळदुपार (रात्री १२:११)

गुलाबी आहे. रंग लगेच येतोय. कानही हलतो. हुश्श.

चारपायांचीआई (रात्री १२:२०)

अगं, पाण्याचं भांडं समोर ठेवू नकोस आज. दर अर्ध्या तासाने चार-पाच घोट, बस्स. ते पोटात राहिलं तर नेहमीच्या खाण्यातलं पाव भाग दे, नाही खाल्लं तर आग्रह नको. सकाळी खाईल.

आणि तिला गार लागत असेल. भुलीनंतर काही तास अंगाचं तापमान सांभाळता येत नाही त्यांना. जमिनीवरून उचलून जाड गोधडीवर घे, वरून हलकं पांघरूण. गरम पाण्याची पिशवी अंगाला लावून ठेवू नकोस हं! मी केला होता तो शहाणपणा. भुलीतल्या कुत्र्याला चटका बसतोय हे उशिरा कळतं, आणि कळलं तरी सरकता येत नाही. ऑपरेशनची जखम १२ दिवसांत भरली, माझ्या मायेचा फोड महिनाभर पुरला.

सोफ्यावर, पलंगावर घेऊन झोपू नकोस. तू खाली झोप.

ढगाळदुपार (सकाळी ७:३०)

खाली झोपले. पाठ गेली माझी. पण तीन वाजता कण्हणं थांबलं, सकाळी अर्धी वाटी खाल्लं, गोळी घेतली, शेपूट एकदा हलवली. नवऱ्याने डोळे पुसले आणि "अॅलर्जी" म्हणाला.

टाके बघितले. साधारण चार बोटं लांब रेघ, कडा एकमेकींना चिकटलेल्या, थोडं गुलाबी, एका टोकाला जांभळट. बाजूला एक छोटी हिरवी रेघ आहे, ती काय?

शेपूटवाला (सकाळी ८:०२)

हिरवी रेघ गोंदण असणार. काही डॉक्टर स्पे झाल्याची खूण म्हणून काढतात, म्हणजे पुढे कोणाला सापडली तरी पोट पुन्हा उघडायची वेळ येऊ नये. डॉक्टरांना विचारून खात्री करा. जांभळट म्हणजे मुका मार. जखमेचा आज स्वच्छ उजेडात एक फोटो काढा आणि रोज त्याच वेळी, त्याच अंतरावरून काढत जा. "कालच्यापेक्षा लाल आहे का?" या प्रश्नाचं उत्तर आठवणीतून कधीच खरं येत नाही.

जखमेला काहीही लावू नका. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, घरचे मलम, पावडर, काही नाही. नव्या पेशी त्याने जळतात, आणि मलम लागलं की चाटायला आणखी एक कारण मिळतं. झिंक असलेलं मलम तर चाटून पोटात गेलं की विषारी. कोरडी ठेवा, माशी बसू देऊ नका, एवढंच.

कोराकागद (सकाळी ९:१५)

धाग्यात घुसतोय, माफी. आमच्या गबरूचं न्यूटरिंग (वृषणं काढायचं ऑपरेशन) परवा झालं, तीन वर्षांचा आहे. प्रश्न विचारायला लाज वाटतेय, पण... काढलंय ना नक्की? कारण तिथे सगळं होतं तसंच दिसतंय.

चारपायांचीआई (सकाळी ९:२०)

😂 हा प्रश्न मनात सगळ्यांनाच येतो, विचारलात तुम्ही!

टाकाटोचा (सकाळी १०:४०)

(व्यवसायाने पशुवैद्य. फोटोवरून निदान करत नाही, मागू नये.)

काढलंय. चीर पिशवीच्या थोडी पुढे घेतात, तिथून दोन्ही वृषणं बाहेर येतात आणि पिशवी जागेवरच राहते. तीन वर्षांच्या नरात ती चांगली मोठी असते, त्यात सूज आली की भरल्यासारखी दिसते. काही आठवड्यांत आक्रसेल. पण लक्ष ठेवा: रोज मोठी होत असेल, काळी-निळी पडून ताठ झाली असेल, हात लावू देत नसेल, तर आत रक्त साठतंय. हे बहुतेक वेळा ऑपरेशनच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धुडगूस घातलेल्या नरांत दिसतं.

दुसरं, लोकांना हे माहीत नसतं: आज न्यूटर झालेला नर आजपासून निर्बीज नसतो. नळ्यांमध्ये आधीचे शुक्राणू शिल्लक असतात. स्पे न झालेल्या माद्यांपासून चार ते सहा आठवडे लांब ठेवा. "ऑपरेशन झालेल्या कुत्र्यापासून पिल्लं झाली" या तक्रारीमागे बहुतेकदा हेच असतं.

कोराकागद (सकाळी १०:५५)

शेजारची मादी माजावर आहे. वाचवलंत.

उनाडपाऊस (दुपारी १:३०)

कॉलरबद्दल माझं वेगळं मत आहे. ती प्लॅस्टिकची बादली म्हणजे छळ आहे. दारांना आपटतात, पाणी पिता येत नाही, उदास बसतात. आमच्या मनीला मी दुसऱ्या दिवशी काढून टाकली आणि जातीने लक्ष ठेवलं. चाटलं थोडं, काही झालं नाही. लाळेत जंतुनाशक असतं म्हणतात.

टाकाटोचा (दुपारी २:१०)

लाळेत जंतूंना रोखणारे काही घटक असतात हे खरं. त्याच तोंडात जंतूंची अख्खी वसाहतही असते. आणि मुद्दा लाळेपेक्षा जिभेचा आहे. ती खरखरीत असते, आणि चाटता चाटता पुढचे बारीक दात कधी कामाला लागतात ते त्यांनाही कळत नाही. रात्री दोन ते पहाटे पाच या वेळात टाके उसवून सकाळी माझ्याकडे आलेल्या प्रत्येक कुत्र्याचे मालक आदल्या रात्री जातीने लक्ष ठेवत होते.

शेपूटवाला (दुपारी २:३०)

कॉलरचा छळ बराचसा माप चुकल्यामुळे होतो. कडा नाकाच्या टोकापुढे दोन-तीन बोटं जायला हवी आणि गळ्याशी दोन बोटं सरकायला हवीत. पाण्याचं भांडं अरुंद आणि थोडं उंचावर ठेवलं की कॉलर त्यावरून बसते. खाताना समोर बसून काढली तर चालेल, पण भांडं उचलायच्या आधी परत घाला.

स्पेसाठी अंगभर घालायचा सूट चांगला. पोट पूर्ण झाकतो. फक्त शूच्या वेळी मागून सोडायचा, आणि ओला झाला तर तासभरही तसाच ठेवायचा नाही. गळ्याभोवती घालायची हवेची गोल गादी मात्र लांब तोंडाच्या कुत्र्यांत फसवते, मान वळवून आरामात पोहोचतात. नरांत तर सर्रास.

उनाडपाऊस (दुपारी २:४५)

सूटचं माहीत नव्हतं. ठीक आहे. बादलीला माझा विरोध कायम आहे, मनीला पण.

ढगाळदुपार (दुसरा दिवस, रात्री ९:००)

शी नाही झाली अजून. काळजी करू?

चारपायांचीआई (रात्री ९:०४)

नको. ऑपरेशनआधी उपाशी, नंतर खाल्लं कितीसं? त्यात दुखण्याच्या इंजेक्शनांनी आतडी आळसावतात. दोन-तीन दिवस लागतात. शू चोवीस तासांत व्हायलाच हवी, शीला मुदत आहे. पोट फुगून टणक झालं किंवा कुंथून कुंथून काही होत नसेल तर दाखव.

ढगाळदुपार (चौथा दिवस, संध्याकाळी ६:१५)

आनंदाची बातमी! बिजली परत बिजली झाली! आज सकाळी शी झाली (इतकी आनंदाने मी आयुष्यात कुठली शी उचलली नाही), सगळं खाल्लं, बॉल घेऊन आली. काल एक गोळी राहिली तरी काही दुखल्यासारखं नाही. अंगणात थोडं सोडू का उद्यापासून? बिचारी चार दिवस कोंडलीय.

शेपूटवाला (संध्याकाळी ६:२५)

नाही. नाही. नाही.

या धाग्यात मला एकच गोष्ट सांगायची मुभा असती तर मी हीच सांगितली असती. पहिले दोन दिवस कुत्रं स्वतःच स्वतःला सांभाळतं, कारण त्याला हलायची इच्छा नसते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याला बरं वाटायला लागतं, आणि इथून दहाव्या-बाराव्या दिवसापर्यंतचा काळ सगळ्यात धोक्याचा. माणूस ऑपरेशननंतर पोटाला हात धरून चालतो कारण त्याला आत टाके आहेत हे माहीत असतं. कुत्र्याच्या हिशोबी दुखायचं थांबलं म्हणजे गोष्ट संपली.

गोळ्या सांगितलेत तितके दिवस द्या. दुखत नाहीये ते गोळ्यांमुळे असू शकतं. उलट्या, जुलाब, काळी डांबरासारखी शी दिसली तरच थांबवा आणि डॉक्टरांना कळवा. राहून गेलेल्या डोसची भरपाई म्हणून दुप्पट देऊ नका.

टाकाटोचा (रात्री ८:५०)

वरच्याला शंभर टक्के अनुमोदन. थोडं शिवणकाम समजावतो, म्हणजे पटेल.

आत जाताना आम्ही कातडी, खालची चरबी आणि मग पोटाच्या मधोमध दोन्ही बाजूंचे स्नायू जिथे जुळतात ती पांढरी पट्टी कापतो. बाहेर पडताना उलट क्रमाने शिवतो. तुम्ही रोज बघता तो कातडीचा टाका. आतडी जागेवर धरून ठेवतो तो पट्टीतला टाका, आणि तो तुम्हाला दिसत नाही. कातडी १० ते १४ दिवसांत सांधते. पट्टीला मूळची ताकद यायला महिने जातात; दोन आठवड्यांनी त्यातला थोडाच हिस्सा परत आलेला असतो. तोवर सगळा भार दोऱ्यावर. कुत्रं उडी मारतं तेव्हा, आणि त्याहून जास्त खाली उतरतं तेव्हा, पोटाचे स्नायू आवळले जातात आणि ओढ थेट त्या दोऱ्यावर येते.

म्हणून फक्त शी-शूसाठी, छोट्या दोरीने, पाच-दहा मिनिटं. सोफा, गाडी, जिने बंद. जिना टाळता येत नसेल तर उचलून न्या, एक हात छातीखाली, एक मांड्यांखाली, पोट मोकळं. दुर्बिणीतून स्पे झालं असेल तर जखमा छोट्या असतात आणि दुखतंही कमी, त्यामुळे हे लोक आणखी लवकर बेफिकीर होतात. आतल्या जखमेचं वेळापत्रक तिथेही बदलत नाही.

चारपायांचीआई (रात्री ९:१०)

कोंडून ठेवलंय तर डोकं वापरायला दे तिला. रोजचं खाणं भांड्यात देऊच नकोस. जुन्या टॉवेलात गुंडाळ, पुठ्ठ्याच्या खोक्यात चुरगळलेल्या कागदांत लपव, खोलीभर एकेक दाणा टाकून हुंगायला लाव. वीस मिनिटं हुंगलं की धावून आल्यासारखं दमतात. आमचा तर खोकं कुरतडत झोपून जायचा. आणि तरीही भिंतीवर चढत असेल तर डॉक्टरांना सांग, शांत ठेवायची औषधं देतात. त्यात कमीपणा काही नाही.

ढगाळदुपार (पाचवा दिवस, सकाळी ७:५०)

मला ओरडा. रात्री कोणीतरी बेल वाजवली, मी दार उघडायला गेले, बिजली सोफ्यावरून उडी मारून दाराशी. ती सोफ्यावर होती हेच मला माहीत नव्हतं. आज सकाळी टाक्यांच्या खालच्या टोकाला लिंबाएवढा मऊ फुगवटा. दाबला तर लचलचतो. लाल नाही, गरम नाही, ती हात लावू देते, खातेय. माझे हातपाय गार पडलेत.

टाकाटोचा (सकाळी ७:५८)

ओरडणार नाही. आजच दाखवा, सकाळीच. दाबू नका, शेकू नका, टोचून पाणी काढायचा विचारही नको.

दोन शक्यता. एक, कातडीखाली पाणी साठलंय, म्हणजे सेरोमा. हालचाल जास्त झाली की थर एकमेकांवर घासतात आणि पोकळीत द्राव जमतो. हे त्रासदायक दिसतं पण बहुतेक आपोआप जिरतं. दोन, आतला टाका सुटून चरबी किंवा आतडं कातडीखाली आलंय. बाहेरून दोन्ही सारखंच मऊ लागू शकतं. फरक हाताने तपासून, गरज पडली तर सोनोग्राफीने कळतो.

जाईपर्यंत जखम उघडली आणि आतून काही बाहेर डोकावलं, तर आत ढकलू नका. स्वच्छ कापड सलाइनमध्ये भिजवून वर ठेवा, चाटू देऊ नका, आणि निघा. ती वेळ येणार नाही बहुधा, पण माहीत असलेलं बरं. हिरड्या पांढुरक्या झाल्या, पोट फुगलं, गळून पडली तर आत रक्तस्राव समजून तसंच धावा.

ढगाळदुपार (दुपारी १२:४०)

सेरोमा. आतली शिवण शाबूत. जिवात जीव आला. पाणी काढलं नाही, सुईने जंतू आत जायची भीती म्हणाले. दोन-तीन आठवड्यांत जिरेल. सोफा उलटा करून ठेवलाय. घरातले सगळे जमिनीवर बसतोय.

कोराकागद (दुपारी १:०५)

गबरूसाठी आम्हीही.

निळीसायकल (सातवा दिवस, रात्री १०:३०)

हा धागा सापडला म्हणून विचारते. आमच्या कुत्रीचं स्पे होऊन सहा दिवस झाले. जखम मस्त. पण ती मऊ खेळणी, मोजे, एक चप्पल असं गोळा करून कपाटाखाली नेतेय आणि जवळ गेलं की गुरगुरते. आज सडांतून दूध आलं! गर्भाशय काढल्यावर दूध कसं येईल? काही आत राहिलं का?

टाकाटोचा (रात्री ११:१५)

शेवटचा माज कधी होता?

निळीसायकल (रात्री ११:१८)

साधारण सहा आठवड्यांपूर्वी.

टाकाटोचा (रात्री ११:३०)

मग कोडं सुटलं बहुतेक. माजानंतर, गाभण असो वा नसो, कुत्रीच्या अंगात प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवणारं संप्रेरक) जवळजवळ दोन महिने चढलेलं असतं. अंडाशयं काढली की ते एका दिवसात कोसळतं. शरीराला तो विण्याचा इशारा वाटतो, दूध आणणारं प्रोलॅक्टिन वाढतं, आणि दूध, घरटं, चपलेचं आईपण सगळं सुरू. खोटं गर्भारपण म्हणतात. म्हणून घाई नसेल तर स्पे माजानंतर दोन-तीन महिन्यांनी करायचं सांगतो आम्ही.

सड पिळू नका, शेकू नका. जितकं चोळाल तितकं दूध येत राहील. कॉलर राहू द्या, स्वतःच चाटूनही तेच होतं. चप्पल ती फिरायला गेल्यावर गुपचूप काढा, तोंडातून ओढायला जाऊ नका. बहुधा दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. सड टणक, गरम झाले किंवा स्वभाव फारच बिघडला तर तिच्या डॉक्टरांकडे प्रोलॅक्टिन उतरवणारं औषध असतं. अंडाशयाचा तुकडा राहिला तर वेगळं दिसतं: काही महिन्यांनी पुन्हा माजाची लक्षणं.

निळीसायकल (रात्री ११:३४)

चप्पल सासूबाईंची आहे. त्यांना कसं सांगू की त्या सध्या पिल्लू आहेत?

ढगाळदुपार (बारावा दिवस, दुपारी ४:००)

टाके निघाले! एकूण नऊ. एक हूं की चूं केलं नाही. सेरोमा सुपारीएवढा उरलाय. उद्यापासून फिरणं रोज थोडं थोडं वाढवायचं, उड्या आणि बॉल आणखी दोन आठवडे नाहीत. अंघोळीला परवानगी दोन दिवसांनी, तिला सांगितलेलं नाही.

शेपूटवाला (दुपारी ४:२०)

झकास! एक राहिलं: खाणं. स्पे-न्यूटरनंतर भूक वाढते आणि गरज घटते, ढोबळ मानाने वीस ते तीस टक्के. दोन्ही एकदम. "ऑपरेशनमुळे जाड झाली" असं नंतर लोक म्हणतात, पण भांडं तेवढंच भरत राहतात. दर पंधरा दिवसांनी वजन करा आणि बरगड्या हाताला लागतात का बघा.

ढगाळदुपार (दोन महिन्यांनंतर)

धागा वर काढतेय. वजन साडेअठरा, ठीक ना? माप कमी केलंय, ती माझ्याकडे न्यायालयात गेल्यासारखी बघते. सेरोमा कधीच गेला. पण रेषेखाली बोटाला मुगाएवढी एक टणक गाठ लागते. दुखत नाही.

टाकाटोचा

आतल्या दोऱ्याची गाठ असण्याची शक्यता जास्त. विरघळणारे दोरेही पूर्ण जायला दोन ते सहा महिने घेतात, तोवर शरीर त्याभोवती कडक वेटोळं करतं. वाढत असेल, लाल होत असेल, पू येत असेल तर दाखवा. नाहीतर पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टरांना हात लावायला सांगा.

ढगाळदुपार

बरं. सवयच लागलीय मला, रोज रात्री तिचं पोट चाचपल्याशिवाय झोप येत नाही. तिला वाटतं पोट खाजवायलाच आलेय. मी खोलीत शिरले की आधीच चारी पाय वर.